विचारून सांगते

बारकी त्रेचाळीस वर्षांची झाली तरी बारकीच राहिली. दादाच्या मागून सात वर्षांनी जन्माला आली, एवढाच तिचा गुन्हा. पण शिक्षा मात्र जन्मठेपेची झाली. लग्न झालं, चष्मा लागला, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, तरी दादाची हाक "ए बारके" अशीच यायची, आणि बारकीही हातातलं टाकून शाळेची घंटा झाल्यासारखी उठायची.

तिला एक खोड होती. कोणी काहीही विचारलं की तोंडून पहिलं हेच निघायचं, "विचारून सांगते." बॅग संध्याकाळपर्यंत होईल का? विचारून सांगते. उद्या दुकान उघडं आहे का? विचारून सांगते. एकदा समोरच्या लाँड्रीवालीनं "चहा घेतेस का गं" म्हटलं, तर त्यालाही हेच म्हणाली, आणि मग स्वतःच लाजून दोन कप प्यायली. कोणाला विचारणार, हे कोणी विचारत नसे. दादाला. आणखी कोणाला?

दादाचं बॅगांचं दुकान होतं. पुढे काच, दिवे, चाकांच्या बॅगा, आणि गल्ल्यावर दादा. मागे पडद्याआड एक शिलाई मशीन, एक स्टूल, एक पक्कड आणि बारकी. चौदा वर्षं ती तिथे बसून चेन दुरुस्त करत होती. बॅगची चेन, पर्सची चेन, जॅकेटची, बुटाची, पँटची. लोक दुकानात आले की दादाकडे बघायचेसुद्धा नाहीत, सरळ पडद्याकडे जायचे आणि म्हणायचे, "चेनवाल्या बाई आहेत का?" हे दादाला टोचायचं, पण तो बोलून दाखवत नसे. दादाचा स्वभावच तसा, राग आला की तो हिशेबाची वही पुसायचा.

स्टुलाखाली तिचा डबा असायचा. मूळचा बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावरच्या चित्रातली बाई कधीच घासून गेली होती, नुसती टोपी उरली होती. आत रनर होते. रनर म्हणजे चेनवरचा तो मागेपुढे सरकणारा तुकडा, ज्याच्या भरवशावर सगळं जग अब्रूनं हिंडतं. चेन बिघडली म्हणून लोक बॅग फेकतात, पण दहातल्या नऊ वेळा बिघडलेला असतो तो रनर. बारकी फेकलेल्या बॅगांचे, फाटक्या जॅकेटांचे, कचऱ्याच्या ढिगातल्या बुटांचे रनर काढून आणायची. पितळी, जस्ताचे, प्लॅस्टिकचे, तीन नंबरपासून दहा नंबरपर्यंत, आणि असेही काही की जे बनवणारे कारखाने कधीच बंद पडले होते. दोन हजारांच्या वर असतील. डब्यात नुसता हात घातला की बोटांनाच कळायचं कुठला हवा ते.

आता बघा, एवढं सगळं सुरळीत चाललेलं. पण गेल्या वर्षी दादानं नव्या बॅगांचा मोठा माल भरला आणि त्याच्या डोक्यात एक किडा शिरला.

"बारके," तो म्हणाला, "यापुढे चेन घेऊन कोणी आलं की सांगायचं, होत नाही."

"का? होते की."

"होते गं. पण होत नाही म्हणायचं. म्हणजे तो नवीन घेईल."

बारकीनं सहा महिने हे म्हणून पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना म्हणाली, कॉलेजच्या पोरींना म्हणाली. एका परिचारिकेची बॅग हातात आली, रनर नुसता सैल झाला होता, पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की काम झालं असतं, आणि बारकी म्हणाली, "होत नाही." ती बिचारी "असं का" म्हणून नवीन बॅग बघायला पुढे गेली. त्या दिवशी बारकीला जेवण गेलं नाही. चौदा वर्षांत तिनं कामात खोटेपणा केला नव्हता, आणि आता तोंडानं करत होती. स्वतःचीच लाज वाटली तिला, खरी लाज, कानशिलं तापवणारी.

अशात तंबूवाल्या बाई आल्या. डोंगरात फिरायला जाणाऱ्यांना तंबू भाड्यानं देणारी त्यांची संस्था होती. उंच, करड्या केसांच्या, पायात चिखलाचे बूट. दादा जेवायला गेलेला. बाईंनी तंबूचं दार टेबलावर टाकलं आणि म्हणाल्या, "हे होत नसेल तर तसं सांगा. पाच दुकानं झाली."

बारकीनं इकडेतिकडे पाहिलं. पडदा ओढला. डब्यातून एक जाडसर पितळी रनर काढला, खालचे टाके उसवले, जुना ओढून काढला, नवा चढवला, दातांवरून मेणबत्ती फिरवली, परत टाके घातले. चेन सर्रकन वर गेली, सर्रकन खाली आली. बाईंनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती.

"माझ्याकडे असे एकशे चाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिनाअखेर मोसम सुरू होतो. नीट झाले तर दरवर्षी तुम्हालाच. नाही झाले तर मोडीत. कराल?"

"विचारून सांगते," बारकी म्हणाली.

"विचारा. पण काम तुमच्या नावावर नोंदलेलं हवं, आम्हाला दाखला लागतो. दुकानाचं नको. तुमच्या पुढच्या साहेबांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, होत नाही म्हणून."

बाई गेल्या आणि बारकी स्टुलावर तशीच बसून राहिली. विचारायचं कोणाला? दादाला विचारलं की दादा काय म्हणणार, ते तिला दादाच्या आधीच ठाऊक होतं. नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, अर्धा दिवस दोन मजल्यांच्या मधे लोंबकळलेला असायचा, त्यामुळे निर्णय घेण्याची त्याला एकूणच सवय नव्हती. "बघ बुवा," तो म्हणाला, "तुला झेपत असेल तर." हे काही उत्तर झालं नाही. शेवटी बुधवारी सकाळी, दात दुखतोय अशी दादाला थाप मारून, बारकी नोंदणी कार्यालयात गेली.

नोंदणी कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला हिरवट रंग, आणि सात खिडक्या, त्यातली एक उघडी. खिडकीमागचे साहेब दोन बोटांनी टंकत होते, आणि ती दोन बोटंही एकमेकांवर रुसल्यासारखी आळीपाळीनं काम करत होती. तासाभरानं बारकीचा नंबर लागला.

"व्यवसाय?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"चेन दुरुस्ती."

"सोन्याची?"

"नाही."

"सायकलची?"

"नाही हो. पँटची."

मागच्या रांगेत कोणाला तरी खोकला आला. साहेबांनी पडद्यावरची यादी वर नेली, खाली आणली. "पँटची नाही यादीत."

"मग बॅगची लिहा."

"बॅगचीही नाही. साखळी उद्योग आहे, पण त्यात हॉटेलं येतात. इतर लिहू?"

"इतरात आणखी कोण असतं?"

"सगळेच," साहेब म्हणाले आणि टंकलं. "मालक?"

बारकीच्या जिभेवर दादा आला होता. तिनं तो गिळला. "मी."

"भागीदार?"

"नाही."

"कामगार किती?"

"मी."

"एक. देखरेख कोणाची?"

"माझीच."

"कामगाराची मालकाविरुद्ध तक्रार असल्यास?"

"घरी गेल्यावर बघून घेईन तिला."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली, चष्म्यावरून पाहिलं, आणि परत खाली घातली. पत्ता झाला, फोन नंबर झाला. चौदा वर्षं सगळीकडे दुकानाचा नंबर द्यायची सवय, तोच तिनं घडाघडा सांगून टाकला. मग साहेब म्हणाले, "नाव?"

बारकीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"हे तुमचं झालं मघाशी. व्यवसायाचं नाव?"

आता आली का पंचाईत. दातदुखीची थाप रचण्यात सगळी अक्कल खर्च झालेली, नावाचा विचार करायला उरलीच नव्हती. बारकी म्हणाली, "विचारून सांगते," आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे दादा नव्हता. मागे एक खोकणारा माणूस आणि त्याच्यामागे अख्खी रांग. ती पुन्हा खिडकीकडे वळली तोवर दोन बोटं थांबली होती.

"झालं. दाखला चार दिवसांत घरी येईल. पुढचे."

"पण नावाचं?"

"झालं ना. पुढचे."

साहेबांनी व्यवसायालाही माझंच नाव दिलं असेल, अशी समजूत घालून बारकी घरी आली. चार दिवसांनी दाखला आला. नवऱ्यानं पाकीट फोडलं, वाचलं, परत वाचलं, आणि जो हसत सुटला तो खुर्चीवरून जमिनीवर आला. कागदावर गोल शिक्का, सही, क्रमांक, आणि मधोमध ठळक अक्षरांत: व्यवसायाचे नाव, विचारून सांगते. मालक, बारकीचं पूर्ण नाव. स्वरूप, इतर.

"बरोबरच आहे की," नवरा डोळे पुसत म्हणाला. "यापेक्षा योग्य नाव कोणी काढलं नसतं."

"अहो, हसताय काय?"

"हसू नको तर काय करू? विचारून सांगतो."

बारकी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. हसण्याचं दुःख नव्हतं. तो म्हणाला ते खरं होतं, त्याचं दुःख होतं.

दाखला आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन खिडकीशी उभी. साहेबांना अजिबात अपराधी वाटलं नाही. "बाई, परवा एक नळ दुरुस्तीवाला आला, नाव दिलं, आलोच पाच मिनिटांत. चष्म्याच्या दुकानाचं नाव, बघू पुढे. एक केस कापणारा आहे, त्याचं तर मी तुमच्यापुढे सांगतही नाही. मला वाटलं तुमचंही तसलंच, हल्लीच्या पद्धतीचं. मी काय प्रत्येकाला विचारत बसू, खरंच का म्हणून?"

"आता बदलायचं असेल तर?"

"दुरुस्तीचा अर्ज. पंचेचाळीस दिवस. सांगा, नवीन नाव काय लिहू?"

बारकीनं तोंड उघडलं. जे बाहेर येणार होतं ते ओळखून तिनं ते गच्च मिटलं. कोरा अर्ज घडी करून पर्समध्ये घातला आणि निघाली. तंबूवाल्या बाईंनी दाखल्यासाठी शनिवारपर्यंतची मुदत दिली होती, पंचेचाळीस दिवस कुठून आणणार? ती तशीच कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. बाईंनी नाव वाचलं, ओठ आत दाबले, आणि म्हणाल्या, "शिक्का खरा आहे ना? मग झालं." दुपारपर्यंत तंबूंची पहिली खेप बारकीच्या इमारतीत येऊन पडलीसुद्धा. जिन्याखाली एक खोली होती, पूर्वी तिथे पाण्याचे मीटर असायचे. उभं राहिलं की डोकं आपटायचं, पण बसून काम करणाऱ्याला काय फरक पडतो?

सगळं दादाला नीट सांगायचं, पुढच्या आठवड्यात, त्याचा मूड बघून, असं बारकीनं ठरवलं होतं. पण सोमवारी दुकानातला फोन वाजला आणि दादानं उचलला. पलीकडे तंबूवाल्यांचा हिशेबनीस होता.

"विचारून सांगते आहेत का?"

"कोण विचारून सांगते?" दादा म्हणाला.

"हो, त्याच."

"अहो, काय विचारायचंय ते मला विचारा. मी मालक आहे."

"तुम्ही मालक? इथे तर मालक बाई लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

"विचारून सांगते यांच्या दाखल्यावर."

"तुम्ही विचारून सांगा ना मग, मी थांबतो."

पाच मिनिटं हे असं चाललं. पडद्याआड बारकी सगळं ऐकत होती. पकड हातात तशीच. पलीकडच्यानं शेवटी वैतागून दाखल्यावरचं बारकीचं नाव, अगदी बापाच्या नावासकट, वाचून दाखवलं. दादानं फोन हळूच ठेवला. वही पुसायला घेतली. मग तीही ठेवली, म्हणजे राग वहीच्या पलीकडे गेला होता.

"मला न विचारता?" पडदा बाजूला करून तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. तुझ्या भल्यासाठी. तुला काय कळतं धंद्यातलं? कोण भेटलं तर हो म्हणशील, कोण ओरडलं तर रडशील. नाव तरी धड ठेवता आलं का तुला?"

बारकीला रडू येतच होतं, पण आता रडलं तर दादाचं खरं होईल म्हणून तिनं दात दाबून धरले. "दादा, मला होत नाही म्हणायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "होणाऱ्या कामाला होत नाही म्हणायचा. बाकी काही नाही."

"मग जा," दादा म्हणाला.

तिनं चष्म्याची पेटी घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि वाकून स्टुलाखालचा डबा उचलला. दादानं डब्यावर हात ठेवला.

"हा दुकानाचा."

"दुकानाचा? एकेक मी गोळा केलाय दादा. उकिरड्यावरून."

"दुकानाच्या वेळात," दादा म्हणाला.

ती डबा तिथेच ठेवून बाहेर पडली. रस्ता ओलांडून लाँड्रीच्या दारात उभी राहून मात्र ती पोटभर रडली, आणि लाँड्रीवालीनं काही न विचारता तिच्या हातात इस्त्रीचा गरम टॉवेल दिला.

घरची शिलाई मशीन आणून जिन्याखाली काम सुरू झालं. नवे रनर बाजारात मिळत होते, तेवढ्यावर सव्वीस दिवसांत नव्वद तंबू झाले. नवरा संध्याकाळी येऊन टाके उसवू लागायचा. दोन मजल्यांच्या मधे काम करून त्याचे हात स्थिर झाले होते, हा त्या नोकरीचा एकमेव फायदा. पाटी रंगवणारा आला, त्यानं विचारलं, नाव काय लिहू? बारकीनं दाखला दाखवला, कारण बोलायची सोय नव्हती. पाटी लागली आणि लोक वाचून हसायला लागले, पण हसण्यासाठी थांबलेला माणूस थांबलाच म्हणून पर्सही दाखवायचा. नावदुरुस्तीचा अर्ज मशीनच्या खणात पडून होता. सगळं भरलेलं, फक्त नवीन नावाची ओळ कोरी. रोज ती पेन घ्यायची आणि रोज ठेवायची.

खरं संकट निराळंच होतं. उरलेले पन्नास तंबू जुने होते. जाड पितळी दातांचे, असे की ज्यांचे रनर आता कोणी बनवत नाही. बारकीनं सगळा घाऊक बाजार पालथा घातला. आठ नंबरचा बसेना, दहाचा गळून पडे. बसणारे रनर जगात एकाच ठिकाणी होते, टोपीच्या बाईच्या डब्यात. मोसमाला चार दिवस उरले. बाई म्हणाल्या होत्या, नाही झाले तर मोडीत. आणि पन्नास मोडीत घालवणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण काम देतो? दादाकडे जाऊन हात पसरायचे, हे तीन वेळा तिच्या मनात आलं. तिन्ही वेळा ती दारापर्यंत गेली आणि परत बसली.

आणि त्या दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, जिन्याखालच्या दारात दादा उभा.

अंगात काळा सूट. गळ्यात टाय. आणि दोन्ही हातांनी, पोटाच्या बरंच खाली, अगदी घट्ट धरलेला तो डबा.

डबा परत द्यायला आला, असं वाटून बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ये ना दादा. डबा ठेव खाली."

"नाही ठेवत," दादा म्हणाला.

"अरे ठेव, जड आहे."

"ठेवता येत नाही गं." दादाच्या कपाळावर घाम होता. त्यानं मागे रस्त्याकडे पाहिलं, आत आला, डोकं आपटलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चेन गेलीय."

दुकानदार संघाची सभा होती पाच वाजता. दादाचा सत्कार होता, व्यासपीठावर बसायचं होतं, पहिल्या खुर्चीत, सगळ्या गावाकडे तोंड करून. सूट एकच, लग्नानंतर एकदाच शिवलेला, कोटाला जोडी तीच. दोन शिंप्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. त्यानं स्वतः डब्यात हात घालून पाहिला, पण दोन हजारांतून नेमका कुठला हे त्याच्या बोटांना थोडंच कळणार? शेवटी वहिनी म्हणाली, असाच डबा धरून सभेला जा, नाहीतर बहिणीकडे जा.

"होईल का?" दादानं विचारलं.

चौदा वर्षांत दादानं बारकीला काही विचारलं होतं, असं हे पहिल्यांदाच. होत नाही, नवीन घे, हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते, आणि काय गोड लागले असते ते. पण तिनं ते वापरले नाहीत, कारण त्याच शब्दांपायी तर ती इथे येऊन बसली होती.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

"आता कोणाला विचारतेस?"

"मालकिणीला."

दादानं जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत चारी बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. बारकीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, सावकाश, घाई नसल्यासारखा. "मालकीण म्हणते होईल," ती म्हणाली. "मजुरी हा डबा. आतल्या सगळ्यासकट. आणि पँट काढून द्यावी लागेल."

"इथे?"

"तंबू आहेत की पन्नास. कुठलाही घे."

दादा तंबूच्या ढिगाआड गेला. बराच वेळ खडबड झाली. मग पँट बाहेर आली, आणि तिच्यामागे दादा, वर कोट-टाय, खाली नारिंगी तंबू गुंडाळलेला. स्टूल एकच, त्यावर बारकी; तो उलट्या बादलीवर बसला. डबा जमिनीवर आला. बारकीनं झाकण उघडलं, न बघता हात घातला, आणि बोटांनी नेमका रनर वर काढला. डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत. आपलं माणूस घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते दादामुळे नाही, डब्यामुळे वाटलं, याचंही तिला वाईट वाटलं.

दादा तिचे हात बघत होता. एवढ्या वर्षांत पडदा मधे असायचा.

"बारके," तो म्हणाला, "लोक रोज विचारतात. चेनवाल्या बाई कुठे गेल्या. मी काय सांगू?"

"होत नाही म्हणून सांग."

तंबू पुन्हा पुन्हा घसरत होता, तो सावरत होता. मग घसा साफ करून, जसं काही व्यासपीठावरच बसलाय, असं म्हणाला, "परत ये. पडदा काढून टाकू. तुझं टेबल पुढे, काचेपाशी. पाटीवर दोघांची नावं. भागीदार. निम्मं-निम्मं. आणि तुला जे होतं ते होतं म्हण."

बारकीचे हात थांबले. सहा महिन्यांपूर्वी कोणी हे म्हणालं असतं, तर तिनं आनंदानं अख्ख्या बाजाराला चहा पाजला असता. दादा खोटं बोलत नव्हता. तंबू गुंडाळून बसलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. त्याचा चेहरा केविलवाणा झाला होता, आणि लहानपणी सायकलवरून पडल्यावर तो असाच दिसायचा, हे तिला आठवलं. तिला त्याची मनापासून माया आली.

तिनं शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला, चेन वर केली, खाली केली. पँट झटकून त्याच्या हातात दिली. तो पुन्हा ढिगाआड गेला आणि नीटनेटका होऊन बाहेर आला, हात मोकळे, काय करावं ते न कळून दोन्ही बाजूंना लोंबणारे.

"मग?" तो दारात थांबून म्हणाला. "विचारून सांगशील ना? घाई नाही. नवऱ्याला विचार, हवं तर."

बारकीनं मशीनचा खण उघडला. दुरुस्तीचा अर्ज काढला, त्याची घडी घालून डब्याच्या तळाशी बसवली, म्हणजे रनर वाजणार नाहीत, आणि झाकण लावलं.

"हे न विचारताच सांगते, दादा," ती म्हणाली. "नाही."

दादानं मान हलवली, वर बघून पाटी वाचली, पुन्हा डोकं आपटलं आणि सभेला गेला. बारकीनं पावतीपुस्तक ओढलं. चेन दुरुस्ती, पँट, एक. मजुरी मिळाली. खाली व्यवसायाच्या नावाचा शिक्का मारला, आणि पन्नासांतला पहिला तंबू मांडीवर घेतला. तो अजून कोमट होता.